ओळंब्याचे तळवे

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ चढतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून खाली सोडतो, त्याला ओळंबा म्हणतात. गॅरेजच्या मालकाने तीस वर्षांपूर्वी थट्टेत हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की खरं नाव फक्त बँकेला आणि दवाखान्याला ठाऊक राहिलं. बायको एरवी ‘अहो’ म्हणायची, पण डोकं फिरलं की तीही ‘अहो ओळंबे’ म्हणायची.

त्या गॅरेजात फक्त स्पोर्ट्‌स कार यायच्या. रस्त्याला पोट टेकतंय की काय अशा बुटक्या, दोनच माणसांच्या, आत बसायचं म्हणजे निम्मा व्यायाम. चाकांचे कोन मोजायला तिथे एक यंत्र होतं आणि मालकाचा त्याच्यावर फार जीव. पण यंत्र मोजतं ते उभ्या गाडीला. गाडी वेगात वळणात शिरली, सगळा भार एका अंगावर गेला, की तिचा स्वभाव बाहेर येतो. उभ्या उभ्या तर सगळेच सभ्य दिसतात. हा स्वभाव ओळखायला ओळंबा होता.

त्याची एक रीत होती आणि तीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. चपला फाटकापाशी काढायच्या. घड्याळ आणि अंगठी खिशात. मग अनवाणी पायांनी पेडल दाबत, स्टिअरिंग मुठीत न आवळता नुसते तळवे टेकवून पाण्याच्या टाकीपर्यंत जायचं. टाकीला वळसा घालणारा रस्ता एक लांबलचक डावं वळण घेत होता, संपता संपायचं नाही असं. तिथे तो हात आणखी सैल सोडायचा. शेजारी गाडीचा धनी बसलेला असला तरी टाकी मागे पडेपर्यंत त्याने ब्र काढायचा नाही. परत आल्यावर ओळंबा भिंतीवरच्या काळ्या फळ्यापाशी उभा राहून एकच वाक्य बोलायचा. मालक ते खडूने लिहायचा, आणि गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत ते वाक्य कुणी पुसायचं नाही.

एकदा एका कंत्राटदाराची गाडी यंत्राने बिनबोभाट पास केली होती. ओळंबा टाकीवरून आला आणि म्हणाला, “मागचं डावं चाक वळणात आपल्या मनाने चालतं.” कंत्राटदार फिदीफिदी हसला. गाडी वर उचलली, तर मागचा दांडा जिथे गाडीला जोडतात त्या सांध्यातलं रबर आतून फाटलेलं निघालं. नखही शिरणार नाही एवढी फट. कंत्राटदाराचं हसू जिथल्या तिथे विरलं, आणि गावभर झालं की ओळंब्याच्या तळव्यांना डोळे आहेत. तेव्हापासून जुनी गाडी घेताना लोक आधी विचारायचे, ओळंब्याने चालवलीय का? त्याने चालवून होकार दिला असेल तर पुढे कुणी काही तपासत नसे.

बोलायलाही तो काही कमी नव्हता. कुठली गाडी कशी वळते यावर त्याला छेडलं की चहा थंड व्हायचा. इंजिन पुढे असलेली, इंजिन मधोमध असलेली, इंजिन पार मागे टांगलेली, प्रत्येकीची त्याच्याकडे कुंडली तयार. ऐकणाऱ्याला वाटावं, हा गाड्यांबद्दल नाही, घरातल्या सुनांबद्दल बोलतोय. स्वतःकडे मात्र त्याच्या एक सायकल होती आणि तिचं पुढचं चाक वाकडं होतं.

तर अशा माणसाच्या बाबतीत जे व्हायचं नाही तेच झालं. साखर बरीच वर्षं होती. त्याने ती कधी मनावर घेतली नव्हती. आधी पायाची बोटं बधिर झाली, मग तळपाय, मग हाताची बोटं. सुरुवातीला त्याला वाटलं, थंडी आहे. थंडी गेली, तरी बोटं तशीच.

बायको घरी शिवणकाम करायची. एक दिवस दुपारी तो जेवून उठला आणि मोरीपर्यंत गेला, तर फरशीवर एकाआड एक लाल ठिपके. बायकोने त्याला खुर्चीत बसवून पाय उचलला. टाचेच्या पुढे, मऊ भागात, तिची एक टाचणी डोक्यापर्यंत रुतलेली होती. सकाळी त्या टीचभर खोलीत तिने पडद्यांचं काम केलं होतं, तेव्हाची. म्हणजे हा तीन तास त्या टाचणीवर चालत होता.

“दुखलं नाही?” तिने विचारलं.

“कळलंच नाही गं,” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा चेहरा पडला. आपण काय बोलून बसलो ते त्याच्या ध्यानात आलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी पायावर कापूस फिरवला, सुई टोचली, डोळे मिटायला लावून विचारलं, कुठे टोचतंय? त्याने तीनदा चुकीची जागा सांगितली. साखरेने नसा वाळल्यात, गेलेलं परत येत नाही, राहिलेलं सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

“मालकांना सांगून टाका,” बायको रस्त्यातच म्हणाली.

“सांगतो उद्या.”

हा उद्या काही उजाडला नाही. सांगायचं तरी कसं? त्याच्याकडे दुसरं होतं काय? रंगाऱ्याचा हात गेला तर तो रंग मिसळून देईल, दुकान सांभाळेल. ओळंब्याचे तळवे वजा केले तर खाली उरत होता एक साठीला टेकलेला, चष्मा लावणारा माणूस, ज्याला गाडी बऱ्यापैकी चालवता येते. असे शंभर मिळतात. शिवाय एखाद्या सकाळी अंगठ्याला किंचित मुंग्या आल्यासारखं व्हायचं आणि त्याला वाटायचं, येतंय परत. तेवढ्या वाटण्यावर तो महिनाभर काढायचा. बायकोने तो विषय काढणं सोडून दिलं. तिने मशीनमधल्या मोडक्या मोटरीचं चुंबक काढून त्याला दोरी बांधली आणि तो घरी यायच्या आधी ती रोज ते फरशीवरून फिरवू लागली.

कामावर त्याने आपली युक्ती काढली. डोळ्यांनी आणि कानांनी चालवायचं. पेडलवर पाय ठेवताना खाली एक नजर टाकायची. टायर कधी कण्हतो ते ऐकायचं. आणि फळ्यापाशी आलं की त्या मॉडेलचं जे पूर्वी तळव्यांना जाणवलेलं असेल, ते बोलायचं. इतक्या वर्षांचा साठा होता, सहज पुरत होता. गाड्या बहुतेक बऱ्या असायच्या, त्यामुळे वाक्यंही बहुतेक बरोबर निघायची. हेच वाईट झालं. एखादं वाक्य तेव्हाच सपशेल चुकलं असतं तर बरं झालं असतं.

अशात एक दिवस डॉक्टरीणबाई आल्या. या दाताच्या. पन्नाशीच्या, एकट्या, केस बारीक कापलेले, बोलणं मोजकं. चौकातल्या दवाखान्यात तेवीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून मान आखडलेल्या. आयुष्यात एकदा, फक्त स्वतःसाठी, वळणात हसवणारी गाडी घ्यायची असं त्यांनी कधीपासून मनात धरलं होतं. मालकाच्या ओळखीच्या विक्रेत्याकडे तीन जुन्या गाड्या होत्या, तिन्ही एकसारख्या आवडलेल्या. त्या म्हणाल्या, “मिस्त्री, मला आवाज आणि रंग कळतो, बाकी काही कळत नाही. तुम्ही चालवा, मी शेजारी बसते. तुम्ही म्हणाल ती घेईन.”

एवढा सरळ विश्वास समोर आला की शहाण्या माणसाने पळ काढावा. ओळंब्याने चपला काढल्या.

पहिली हिरवी, लांब नाकाची, इंजिन पुढे. टाकीला वळसा घालून आल्यावर तो म्हणाला, “हिचं नाक मोठं, म्हणून हिला सगळ्यात आधी रस्ता कळतो आणि सगळ्यात शेवटी तुम्हाला सांगते. वळणात शिरताना थोडा धीर धरायचा. नाक रुळलं की पाय दाबायचा, मग मागची चाकं अशी ढकलतात की पोटात गोळा येतो. मजा आहे, पण हिला दंडात जोर लागतो. दिवसभर दात काढून संध्याकाळी हिच्याशी कोण कुस्ती खेळणार?”

दुसरी पांढरी, इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. “ही नखरेल. हिच्यासारखी पकड कुणाची नाही, कारण सगळं वजन बसलंय मागच्या चाकांवर. पण हिचा एक नियम आहे, वळणाच्या आत घाबरायचं नाही. घाबरून पाय उचललात की मागचं वजन पुढे यायला बघतं, आणि गाडी शेपटीकडून घरी निघते. जिने दहा वर्षं चालवलीय तिला ही सोन्यासारखी. पहिलीच गाडी म्हणून मी तरी देणार नाही.”

डॉक्टरीणबाई हसत होत्या. गालांवर लाली आलेली. त्यांना हे कुणी असं कधी सांगितलंच नव्हतं. आणि ओळंबाही रंगात आला होता, कारण हे सगळं त्याला पाठ होतं आणि सगळं खरं होतं. त्यातलं आजचं मात्र काहीच नव्हतं.

तिसरी पिवळी, छोटी, इंजिन मधोमध, बसणाऱ्याच्या पाठीला लागून. ही त्याची जन्माची आवडती. तरुणपणी याच जातीच्या गाडीत त्याला पहिल्यांदा कळलं होतं, की स्टिअरिंग बोलतं. वळण येतंय हे मनात येईपर्यंत ही वळलेली असायची. बारीक खडी, ओलं डांबर, उतार, सगळं तळव्यांवर कुणीतरी बोटाने लिहून दाखवतंय असं. टाकीचं वळण आलं तेव्हा त्याने हात सैल सोडले आणि वाट बघितली. निदान हिच्यात तरी काहीतरी येईल असं त्याला खरोखर वाटत होतं. इंजिन कानाशी गात होतं, टाकी डावीकडून सरकत होती, आणि तळव्यांखाली कापूस होता. काही आलं नाही.

मग बाईंनी स्वतः चालवायला घेतली आणि हा शेजारी बसला. वळणाच्या मध्यावर त्यांनी रीत मोडली.

“मिस्त्री, मागे काहीतरी हललं का? बारीकसं?”

इथे खरं बोलायला एक श्वास पुरला असता. ‘मला कळत नाही, गाडी वर उचलून बघू.’ संपलं. त्याने तो श्वास घेतलाही. पण तोंडातून आलं ते असं: “ते मधल्या इंजिनाचं बोलणं. नवीन माणसाला हलल्यासारखं वाटतं. थोडे दिवस कान द्या, मग त्याच्याशिवाय करमणार नाही. तळवा एकदा शिकला की विसरत नाही, डॉक्टर.”

“माझा हात बारीक कामाचा आहे म्हणून विचारलं,” त्या जरा वरमून म्हणाल्या. “दाताच्या मुळाशी केसाएवढी चीर असली तरी मला हत्याराच्या टोकाशी लागते.”

“दात वेगळे, गाडी वेगळी.”

फळ्यावर त्याने सांगितलं, आणि मालकाने लिहिलं: पिवळी सरळ आहे, डोळे मिटून घ्या.

अठरा दिवसांनी पिवळी गाडी दोरखंडाने ओढून गॅरेजात आणली. घाटात, असंच एक लांब डावं वळण होतं. वेग फार नव्हता. मागचा भाग एकाएकी बाहेर फेकला गेला आणि गाडी उजव्या अंगाने दगडी कठड्यावर गेली. बाई वाचल्या. उजवं मनगट दार आणि स्टिअरिंगच्या मध्ये चिरडलं होतं.

गॅरेजात सगळे हळहळले. रंगारी म्हणाला, पहिलीच गाडी, जोर जास्त झाला असेल. मालकानेही मान डोलावली. ओळंबा हातदिवा घेऊन गाडीखाली सरपटला. मागच्या उजव्या दांड्याच्या सांध्यात रबर फाटलेलं होतं. त्याने बोट घातलं, पण बोटाला काय कळणार, म्हणून डोळा जवळ नेला. फाटल्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या आणि फटीच्या आत काळी, तेलकट, दाबून बसलेली धूळ होती. अशी धूळ अठरा दिवसांत बसत नाही. वर्षभर लागतं.

“काय दिसतंय रे?” मालकाने वरून विचारलं.

“रबर फाटलंय मालक. मागचं उजवं. जुनं आहे.”

मग मालकाचे बूट जवळ आले आणि तो वाकला. त्याने धूळ बघितली. तोही काही आजचा नव्हता.

“धडकेत फाटलं,” तो म्हणाला.

“मालक, धूळ बघा...”

“ओळंब्या, धडकेत फाटलं. त्यांनी काही विचारलंय का? नाही ना? मग तू कशाला उकरून काढतोस? बाहेर ये, चहा घे.” आणि जाता जाता त्याने फळ्यावर अजून राहिलेलं पिवळीचं वाक्य ओल्या फडक्याने पुसलं. गाडी फाटकाच्या आत असताना फळा पुसला गेलेला ओळंब्याने तीस वर्षांत प्रथमच पाहिला.

म्हणजे वाट मोकळी होती. कुणी विचारणार नव्हतं, कुणाला कळणार नव्हतं. दोन महिने तो जगलाही त्या वाटेवर. गाड्या चालवेना मात्र. कंबर धरलीय म्हणायचा आणि यंत्रापाशी बसून आकडे वाचायचा. घरी घास तोंडाशी थांबायचा. शेवटी एका रविवारी सकाळी त्याने धुतलेला शर्ट घातला.

“सांगायला जाताय की बघायला?” बायकोने मशीन न थांबवता विचारलं.

“बघायला,” तो म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, “माहीत नाही.”

दवाखाना बंद होता. बाईंनी स्वतः दार उघडलं, डाव्या हाताने, कडीशी बरीच खटपट करून. आतल्या खुर्चीवर चादर घातलेली होती आणि हत्यारांचं कपाट रिकामं होतं. त्या पेशंटच्या बाकावर बसल्या, त्यालाही बसायला सांगितलं. उजवा हात झोळीत होता. खांद्यापाशी झोळीला सेफ्टी पिन लावलेली होती.

“तुम्ही आलात, बरं वाटलं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मिस्त्री. गाडी चांगली होती. मीच चुकले. वळणात मागे हललं आणि मी घाबरून पाय उचलला. तुम्ही सांगितलं होतंत, घाबरायचं नाही.”

“ते पांढऱ्या गाडीबद्दल होतं, डॉक्टर.”

“हो का? मी ते तिन्ही गाड्यांबद्दल धरून बसले.” त्या थोडं हसल्या. मग त्यांनी झोळीतून बोटं बाहेर काढली. अंगठा आणि पहिली दोन बोटं पांढुरकी पडली होती, नखं कुणी दुसऱ्याने कापल्यासारखी वेडीवाकडी. “हाड जुळलं. पण ही तीन बोटं लागत नाहीत मला. नस तुटली होती, शिवली आहे. सर्जन म्हणतो बघू. सगळे बघूच म्हणतात. तुम्ही हातावर जगणारे आहात, म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही म्हणाला होतात, तळवा एकदा शिकला की विसरत नाही. मग येईल ना हो परत?”

येईल म्हणणं किती सोपं होतं. सगळ्या जगाने तेच म्हटलं असतं, आणि बाईंनाही दुसरं काही ऐकायचं नव्हतं. ओळंबा त्या पांढुरक्या बोटांकडे बघत राहिला. दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी त्याला असं काही विचारलं होतं, ज्याचं उत्तर त्याला स्वतःच्या हातांनी ठाऊक होतं.

“नाही येत,” तो म्हणाला.

“तुम्हाला काय माहीत?” बाईंचा आवाज एकदम चढला.

त्याने हात पुढे करून त्यांच्या झोळीची पिन काढली, उघडली, आणि आपल्या उजव्या तर्जनीच्या टोकात खुपसली, डोळे त्यांच्याकडे ठेवून. नेमकी किती आत गेली हे त्याला कळलं नाही. रक्त आलं तेव्हा थांबला. त्याची पापणी हलली नव्हती. बाई पेशंटच्या पापण्यांकडे बघत तेवीस वर्षं काम केलेल्या. त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही.

“कधीपासून?”

“दीड वर्ष झालं.”

त्यांनी मनात हिशेब केला. तो चेहऱ्यावर दिसत होता, एकेक महिना मागे जाताना.

“म्हणजे त्या दिवशी टाकीपाशी...”

“मला काही कळत नव्हतं, डॉक्टर. एकाही गाडीत नाही. जे बोललो ते सगळं जुनं होतं. मागच्या उजव्या चाकाचं रबर फाटलेलं होतं, आधीपासून. मी बघितलं.”

त्या ओरडतील, घालवून देतील, काहीतरी फेकून मारतील, अशी तो वाट बघत होता. हलकं वाटेल असंही त्याला वाटलं होतं. तसलं काही झालं नाही. झोळी पिनेविना सुटून खाली आली आणि हात लोंबला, तशी बाईंनी कळ येऊन दात आवळले.

“पिन लावा ती,” त्या म्हणाल्या.

त्याने झोळीची टोकं जुळवली. पिन बोटांत होती की नाही हे बघायला त्याला प्रत्येक वेळी मान वाकवावी लागत होती. एकदा ती निसटून बाकाखाली गेली. दुसऱ्यांदा कापडातून आरपार निघाली आणि बंद होईना. बाईंनी डाव्या हाताने प्रयत्न केला. डाव्याला सवय नव्हती. कापडावर त्याच्या बोटाचं रक्त लागत राहिलं. बराच वेळ दोघं त्या पिनेशी झटत होते.

“राहू द्या,” शेवटी त्या म्हणाल्या आणि त्यांनी आपला उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरला. “जा तुम्ही आता.”

तो उठला. दारापर्यंत पोचला तेव्हा त्या मागून बोलल्या, त्याच्याशी कमी आणि स्वतःशी जास्त.

“मला लागलं होतं ते. वळणात. मी म्हटलं होतं तुम्हाला. म्हणजे माझा हात बरोबर होता.”

ओळंबा वळला. फळ्यापाशी उभा राहायचा तसा ताठ उभा राहिला.

“हो, डॉक्टर,” तो म्हणाला. “तुमचा हात बरोबर होता.”

त्यांनी मान हलवली. मग त्या त्याच्याकडे न बघता पोटाशी धरलेल्या हाताच्या तीन बोटांवर आपल्या डाव्या हाताचं नख दाबून बघू लागल्या, आधी हळू, मग जोरात.